फळ्यावरचा खुराक

दि. ११ फेब्रुवारी

धाकटे,

बुटकी दोन दिवस खात नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. नाहीतर लिहिलं नसतं. फोन करून पाहिला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी आपण दोघी ओरडलोच असतो, आणि त्या ओरडण्याचा डॉक्टरला काही उपयोग नव्हता. डॉक्टरला आकडे हवेत.

बुटकी सहा तारखेला व्याली. वासरू नर, धडधाकट. वार वेळेवर पडली. नऊ तारखेला सकाळी तिने खुराक सोडला, संध्याकाळी वैरण सोडली. मान वळवून कुशीकडे बघत बसते. चांदीचं डिसेंबरात झालं, अगदी तेच. चांदी व्याल्यापासून नवव्या दिवशी गेली आणि तिच्यानंतर दोन दिवसांनी तू पेटी भरून मुलीकडे गेलीस. त्या विषयावर मला आता बोलायचं नाही. मी जे बोलले ते मेलेल्या गाईसमोर उभं राहून बोलले. म्हातारा डॉक्टर नुकताच सांगून गेला होता, "इतकी चरबी चढल्यावर गाय वाचायची कशी? खाऊ घालणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता." आणि खाऊ घालणारी तू होतीस. मी आठ आठवडे इस्पितळात कमरेचा सांधा बदलून पडले होते.

आता म्हाताऱ्याच्या जागी नवी डॉक्टर आली आहे. पोरगी आहे, पण प्रश्न नीट विचारते. तिला हवंय ते असं: सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चांदीला आणि बुटकीला रोज किती मापं खुराक घातलास? वैरण किती? चांदीला आटवल्यावर खुराक कमी केलास की वाढवलास?

खरं लिही. माफी नको, कारणं नकोत. "दोन जिवांची आहे बिचारी" म्हणून दोन मुठी जास्त घातल्या असशील, तर त्या मुठीही लिही.

अकरा वर्षं दोन विधवा जावांनी एक गोठा चालवला. लोक म्हणायचे, महिन्याभरात एकमेकींच्या झिंज्या उपटतील. उपटल्या नाहीत. तेवढी आठवण ठेवून उत्तर दे.

तुझी थोरली जाऊ


दि. १५ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर वाकडं आलंय. बसून लिहिलंत की उभ्याने? कमरेला जपा.

आकडे. चांदीला दूध होतं तोवर सकाळी चार मापं, संध्याकाळी चार. आटवल्यावर सकाळी तीन, संध्याकाळी तीन. बुटकीला सकाळी चार, संध्याकाळी तीन. वैरण दोघींना पोटभर. सगळं फळ्यावर तुम्ही लिहून गेलात तेवढंच. एक मूठ कमी नाही, एक मूठ जास्त नाही. फळ्याखाली तारीख घालून तुम्ही माझी सही घेतली होतीत, ती बघा, असेल अजून. खडूची सही आहे, पण त्या भिंतीला पाणी लागत नाही.

डॉक्टरणीला एवढं पुरे व्हावं. याहून जास्त मला विचारू नका.

बुटकीचं सांगते. ती गार पाण्याला तोंड लावत नाही, तिचा एक दात हलतो. पाणी कोमट करा आणि बादली गव्हाणीवर ठेवू नका, खाली ठेवा. हिरवी वैरण कापून घालू नका, अख्खी हातात धरा आणि तिच्याकडे बघू नका, दुसरीकडे बघत उभ्या राहा. बघितलं की ती लाजते. तुम्ही हसाल, पण करून बघा.

इथे मुलगी सकाळी सातला शिवणकारखान्यात जाते, मी नातीला सांभाळते. तिसरा मजला. खाली बेकरी आहे, पहाटेपासून भाजल्याचा वास येतो. नात विचारते, "आजी, तू सारखी उठून खिडकीत का जातेस?" आता हिला काय सांगू, पाच वाजले की माझ्या पोटऱ्या धार काढायला निघतात म्हणून?

चांदीची वासरी पितेय ना नीट?

धाकटी


दि. २० फेब्रुवारी

धाकटे,

वासरी पितेय. बसूनच लिहिते. अक्षर वाकडं यायचं कारण वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.

कोमट पाणी बुटकी प्यायली. अख्खी वैरण हातात धरून मी छपराकडे बघत उभी राहिले. तिने चार काड्या ओढल्या. दूधगाडीचा ड्रायव्हर दारातून म्हणाला, "बाई, पाल आहे का वर?" त्याला मी हाकललं.

डॉक्टरने तिचं मूत्र एका पुडीतल्या भुकटीवर टाकलं. भुकटी जांभळीगर्द झाली. रंग जितका गर्द, तितका आजार जास्त. तिच्या श्वासाला वास येतो, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. तुझ्या लक्षात असेल, चांदीच्या तोंडालाही येत होता. तेव्हा आपण दोघी म्हणालो, कसला तरी गोड वास आहे. तो गोड नव्हता.

आजार तुला समजावून सांगते, कारण तुला तो कोणी सांगितलाच नाही. मी कॉलेजात शिकले होते, चाळीस वर्षांपूर्वी, अर्ध्या पानात. गाय व्याली की दूध एकदम सुटतं, पण भूक तेवढी सुटत नाही. कमी पडलेलं ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. चरबी वितळून रक्तात येते आणि यकृतात जाते. यकृत म्हणजे एका जात्याची गिरणी समज. थोडं दळण आलं तर ती दळते आणि पीठ बाहेर धाडते. पण गाय अंगाने फार जाड असेल तर दारात एकदम शंभर गाड्या येऊन उभ्या राहतात. जातं तेच, एक. गाईच्या यकृताला ही चरबी बाहेर धाडायची ताकद मुळातच कमी. मग पोती आतच रचली जातात, भिंतीला भिंत लागते, आणि शेवटी गिरणीच बंद पडते. गिरणी बंद पडली की भूक मरते, भूक मेली की आणखी चरबी वितळते. जाड गाय अशी भरल्या गव्हाणीसमोर उपाशी मरते.

चांदीच्या दुधाची फॅट व्याल्यावर एकदम चढली होती. संकलन केंद्रात तीस वर्षं मी दुधाची फॅट काढली, आणि तो आकडा बघून मी खूश झाले. ती साय तिच्या अंगावरची होती.

आता मुद्दा. तुझे आकडे मी डॉक्टरला दाखवले. ती म्हणाली, "हा खुराक हडकुळ्या गाईचा आहे." मी म्हटलं, हडकुळ्याच होत्या. नोंदवही काढली. गाईच्या अंगाचा गुण, एक म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे लठ्ठ. चांदी सप्टेंबरात पावणेतीन, बुटकी आत्ता सव्वातीन. तिने बुटकीच्या कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी बोटं ठेवली आणि म्हणाली, "बाई, ही आज, इतके दिवस उपाशी राहूनही, चारच्या वर आहे." मी म्हटलं, तुझं वय किती? ती म्हणाली, सत्तावीस. मी म्हटलं, माझा हात तेवढी वर्षं गाईंच्या पाठीवर फिरतोय. तिने ड्रायव्हरला बोलावलं आणि म्हणाली, "काका, या गाईच्या कमरेचं हाड शोधा." त्याने चाचपलं. म्हणाला, "हाड कुठलं, ही तर उशी आहे."

फळा चुकीचा होता. फळा माझा होता.

तू मापं फळ्याप्रमाणे घातलीस, हे मी मानते. पण एक विचारते, आणि याचं उत्तर हवंच आहे. रोज दोन वेळा तुझे हात त्या गाईंच्या अंगावर होते. ड्रायव्हरला कळलं ते तुला कळलं नाही?

थोरली


दि. २७ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र पाच दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. मुलीने विचारलं, "कोणाचं?" मी म्हटलं, थोरल्या जाऊबाईंचं. ती म्हणाली, "मग उत्तर दे, नाहीतर त्या स्वतः येतील." म्हणून लिहिते.

कळलं होतं.

आजचं नाही, दोन वर्षांपासूनचं. तुमच्या बोटांना लागेनासं झालं ते मी आधी चुलीशी बघितलं. पातेल्याचा काठ धरलात, कातडी भाजली, आणि तुम्ही बोलतच राहिलात. मग गोठ्यात बघितलं. पूर्वी तुम्ही गाईवर हात ठेवायचात, आता रोवायला लागलात. अंगठा इतका दाबायचात की गाय सरकायची. इतकं दाबल्यावर कोणत्याही गाईचं हाड लागेल, ताई. चरबीच्या खाली हाड असतंच. तुम्ही वहीत लिहायचात सव्वातीन, आणि माझ्या हाताला ती चारची लागायची. मला आकडे लिहिता येत नाहीत तुमच्यासारखे, पण बोटांना कळतं.

सांगितलं का नाही? कसं सांगणार होते? आजूबाजूचे गोठेवाले गाय विकत घेताना तुम्हाला घेऊन जायचे, तुमचा हात लागला की सौदा ठरायचा. तुम्ही शिकलेल्या, मी सातवी. म्हणून मी वेगळं केलं. तुम्ही फळ्यावर चार लिहिलंत की मी हळूहळू तीनवर यायचे. दुधावरची गाय जाड होऊ लागली की आठवड्याला अर्धं माप काढायचे. उरलेला खुराक पोत्यात परत. दोन वर्षं गाई बरोबर राहिल्या, आणि तुम्ही म्हणायचात, "बघ, फळ्याप्रमाणे चाललं की कसं सगळं सुरळीत चालतं." मी म्हणायचे, हो ताई.

मग तुम्ही इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मला पोत्यात अर्धं माप परत ओतताना पकडलंत. दूधगाडी दारात उभी होती. ड्रायव्हरसमोर म्हणालात, "माझ्याच गोठ्यात चोर निघाला." मी काही बोलायच्या आत खडू हातात दिलात आणि सही कर म्हणालात.

केली सही. आणि मग ताई, मी फळ्याप्रमाणेच वागले. आठ आठवडे. रोज माप काठोकाठ भरायचे, वरून हात फिरवून सपाट करायचे, आणि मनात म्हणायचे, घ्या. चांदीची पाठ भरत गेलेली मी बघितली. शेपटीशी वळ्या आल्या. मला माहीत होतं हे बरं नाही. मरेल हे माहीत नव्हतं, देवाशपथ, पण बरं नाही हे माहीत होतं. वाटायचं, येऊ देत घरी, बघू देत त्यांचा फळा काय करतो ते. तुम्ही आलात, काठी टेकत गोठ्यात गेलात, चांदीवर अंगठा रोवलात आणि म्हणालात, "छान ठेवलीस हो." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. व्यायला तीन आठवडे होते. नाही सांगितलं.

मी राग मुक्या जनावरावर काढला. तुम्ही "तू मारलीस" म्हणालात तेव्हा मी गप्प राहिले. तुम्हाला वाटलं असेल की मला बोलता येईना. ते खरं होतं, म्हणून गप्प राहिले.

आता बुटकीचं काय ते लवकर कळवा. मला घास जात नाही.

धाकटी


दि. ३ मार्च

धाकटे,

बुटकी काल सकाळी गेली. तुझं पत्र काल दुपारी आलं. क्रम सांगून ठेवते.

अठरा दिवस केलं. शिरेतून साखरेचं पाणी, तोंडातून गोड औषध, डॉक्टर रोज दोनदा. मधले चार दिवस उठून उभी राहात होती, मला वाटलं निघाली यातून. मग परत बसली. शेवटी शेवटी मी बघितलं तरी लाजायची बंद झाली.

डॉक्टरने तिला उघडलं. मी थांबले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आत जा." मी म्हटलं, तीस वर्षं बघायचं टाळलं असतं तर दूधही नासलं असतं. यकृत दुप्पट झालेलं, कडा गोल, रंग पिवळ्या मातीचा. तिने लहान तुकडा कापून बादलीत टाकला. निरोगी यकृत बुडतं. तो तुकडा वर तरंगत राहिला.

मग तिने मला पायरीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, "टोचलं की सांगा." मी म्हटलं, टोचलं. मी पुन्हा म्हटलं, टोचलं. ती म्हणाली, "अजून सुई उघडलीच नाही, बाई."

मनगटातली नस दबली आहे. फार उशीर झालाय, पूर्ण परत येणार नाही, असं मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणेल, असं ती म्हणाली. लेखणीही नीट धरवत नाही, म्हणून अक्षर वाकडं. मला हे तीन वर्षांपासून माहीत होतं. पेला हातातून निसटायचा तेव्हा मी पेल्याला दोष दिला. बोटांना लागेना तेव्हा जोर वाढवला. शिकलेल्या बाईने हे करावं, याला मी नाव ठेवत नाही. तूच ठेव.

'चोर' हा शब्द मी मागे घेते. नुसता कागदावर नाही. ड्रायव्हरला आज सकाळी थांबवलं आणि त्याच्यासमोर घेतला. तो म्हणाला, "बाई, मला तर आठवतही नाही. मी रोज दहा गोठ्यांतली भांडणं ऐकतो, कोणाची लक्षात ठेवू?" तुला सहा महिने जे टोचलं ते त्याला आठवतही नाही. मी त्याला चहा दिला.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या भागाबद्दल. तू रागावलीस, ते तुझं. पण रागावायला कारण मी दिलं आणि हत्यारही मीच दिलं, सही घेऊन. बाकी हिशेब मला करता येत नाही, आणि मी आयुष्यभर हिशेबच केले.

आता काळी. आटवून पंधरा दिवस झाले, एप्रिलच्या सुरुवातीला व्यायची. डॉक्टर म्हणते हीसुद्धा जाड आहे. आज सकाळपासून मी तिचा खुराक पूर्ण बंद केला, वैरणही निम्मी. ही तिसरी मी जाऊ देणार नाही.

तू परत ये. तुझ्या पेटीच्या जागी मी काही ठेवलेलं नाही.

ताई


दि. ६ मार्च

ताई,

आधी काळी! तिची वैरण तोडू नका! जाड गाय उपाशी ठेवलीत तर अंगावरची चरबी आत्ताच वितळायला लागेल. तुमच्याच गिरणीच्या दारात तुम्हीच गाड्या पाठवताय. मी दोन वर्षं मापं काढली ती फक्त दूध देणाऱ्या गाईंची, तीही अर्ध्या अर्ध्याने. आटवलेल्या गाईची मी एक मूठही काढत नव्हते. एकदाच एका आटवलेल्या गाभण गाईचं काढून बघितलं होतं, चौथ्या दिवशी तिच्या तोंडाला तोच वास आला. घाबरून परत घातलं. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं, तुमच्या पत्राने कळलं.

हे पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून ड्रायव्हरला फोन करून निरोप दिलाय. तो विसरभोळा आहे हे तुम्हीच लिहिलंत, म्हणून पुन्हा लिहिते. डॉक्टरणीला विचारा, ती हेच सांगेल. वैरण पोटभर, खुराक थोडा, एकदम काही बदलायचं नाही.

बुटकीचं वाचून नातीसमोर रडले. ती म्हणाली, "आजी, कोण गेलं?" मी म्हटलं, एक बुटकी बाई. ती म्हणाली, "मला माहीत होती?" नव्हती.

परत यायचं म्हणता. ताई, मी येणार नाही. रागाने नाही, राग तर ड्रायव्हरच्या चहात विरघळला. पण काल नातीसाठी पीठ मोजायला डब्यात वाटी घातली आणि वाटी भरताना हात थांबला. किती भरावं तेच कळेना. तुमच्या बोटांना लागत नाही, आणि मला आता सगळंच लागतं. असा हात गोठ्यात काय कामाचा? रोज सकाळी माप हातात घेईन आणि रोज मला चांदीची पाठ दिसेल.

तुम्हालाच इथे बोलावलं असतं. पण चौपन्न पायऱ्या आहेत. मोजल्या मी, तुमच्या कमरेसाठी.

धाकटी


दि. १६ एप्रिल

धाकटे,

ड्रायव्हर विसरला नाही. गाडी थांबायच्या आत खिडकीतून ओरडला, "धाकट्या बाईंनी सांगितलंय, काळीला उपाशी मारू नका!" सगळ्या गल्लीने ऐकलं. समोरची शिंपीण दारात येऊन उभी राहिली. मी त्याच क्षणी वैरण टाकली. दुपारी डॉक्टर आली, तिने शब्दाला शब्द तुझं म्हणणं सांगितलं, आणि विचारलं, "कोण या धाकट्या बाई? कुठे शिकल्या?" मी म्हटलं, माझ्या हाताखाली. मग म्हटलं, नाही, माझ्या हाताशिवाय.

काळी तीन तारखेला व्याली. डॉक्टरने पहिल्या दिवसापासून गोड औषध दिलं. दुसऱ्या दिवशी काळीने खुराक सोडला. मी गव्हाणीशी खुर्ची टाकून बसले. भुकटी फिकट जांभळी झाली, गर्द नाही. चौथ्या दिवशी तिने आपण होऊन वैरण ओढली. आज तेरावा दिवस, खातेय. ही तुझ्या पत्राने वाचली. ड्रायव्हरच्या घशानेही थोडी.

तुझं 'येणार नाही' मी चार वेळा वाचलं. समजलं. मी पुन्हा विचारणार नाही. मला एकटीला गोठा चालवता येणार नाही, हेही समजलं. गडी ठेवता येईल, पण गड्याला काय दाखवणार? फळा लिहायला पाठ चाचपावी लागते. मी हात ठेवला की माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. कॉलेजात शिकवलेलं सगळं तोंडपाठ आहे, आणि बोटांच्या टोकाशी येऊन थांबतं.

पुलापलीकडच्या गोठेवालीला विचारलं. हसली की जिचे डोळे दिसत नाहीत ती. तिच्याकडे सहा गाई आहेत, सून हाताशी आहे, आणि ती गाईंना ओरडत नाही. उरलेल्या सगळ्या ती नेणार. डॉक्टर म्हणते, देताना प्रत्येकीचा गुण लिहून द्या, नाहीतर ती अंदाजाने खाऊ घालेल आणि हेच परत होईल. डॉक्टर स्वतः लिहायला तयार आहे. पण या गाई तिने दोन महिने बघितल्यात, तू अकरा वर्षं.

एक दिवस येशील का? माप हातात घ्यायचं नाही. नुसता हात ठेवायचा आणि सांगायचं, मी लिहीन.

चौपन्न पायऱ्यांचं वाचून मी दाराच्या दोन पायऱ्या चढून पाहिल्या. नाही जमायचं.

ताई


दि. २४ एप्रिल

ताई,

पाच मेच्या सकाळच्या गाडीने येते. संध्याकाळच्या गाडीने परत, नातीला एका दिवसाहून जास्त सोडवत नाही. थांब्यावर येऊन उभ्या राहू नका, उन्हात. रस्ता माझ्या पायाला पाठ आहे.

चांदीच्या वासरीलाही देणार का? मी विचारते नुसतं. देऊ नका असं म्हणत नाही.

आणि गाईंना त्या दिवशी वैरण माझ्या यायच्या आधीच घालून ठेवा.

धाकटी


दि. ५ मे. सुपूर्तीची नोंद.

आज दुपारी साडेतीन वाजता पुलापलीकडच्या गोठेवालीला खालीलप्रमाणे दिलं.

गाई पाच. काळी, दुधावर, बत्तिसावा दिवस, गुण तीन. शिंगमोडी, दुधावर, गुण तीन, संध्याकाळी वैरण आधी व खुराक नंतर. मोठी पांढरी, दुधावर, दूध उतरतंय, गुण पावणेचार, आठवड्याला अर्धं माप काढावं, एकदम नको. धाकटी पांढरी, सहा महिन्यांची गाभण, दुधावर, गुण सव्वातीन, बदल नको. लाथाडी, आटवलेली, गुण साडेतीन, काहीही कमी करू नये.

कालवडी दोन. वासरं तीन: बुटकीचा खोंड, काळीची वासरी, चांदीची वासरी. चांदीची वासरी गाडीत चढेना, धाकटीने चढवली.

सगळे गुण धाकट्या जाऊबाईंनी हात ठेवून सांगितले, मी लिहिले, डॉक्टरने पुन्हा तपासले. एकाच गाईत पाव गुणाचा फरक आला, मोठ्या पांढरीत. धाकटीचा धरला.

पेंडीची पोती चार, दुधाच्या किटल्या दोन, कोमट पाण्याची मोठी बादली एक, दावी दहा.

जुनी नोंदवही दिलेली नाही. तिच्यातले शेवटच्या तीन वर्षांचे गुण चुकीचे आहेत. त्यावरून कोणी गाय पोसू नये.

गेल्या वर्षभरातले मृत्यू, घेणाऱ्याच्या माहितीसाठी: दोन. चांदी आणि बुटकी. कारण: व्याल्यानंतर यकृतात चरबी साठणे. दोघींना खुराक फळ्याप्रमाणे घातला होता. फळा माझा.

देणार: थोरली जाऊ (सही)

माप माझं. मला दिसत होतं.

देणार: धाकटी जाऊ (सही)

वर लिहिलेलं सगळं मोजून मिळालं. पाच गाई, दोन कालवडी, तीन वासरं. बादली गाडीत मावली नाही, ती सून उद्या येऊन नेईल.

घेणार: गोठेवाली (अंगठा)